पंचाखालचा भाव

शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं
मी ओली वाळू मुठीत दाबून सांगत आलो –
कमी हाय, अजून दोन तांबे मारा.
मूठ उघडली की बोटांचे ठसे उभे राहायचे,
ढेकूळ मधोमध मोडायचं, कडा न ढासळता.
एवढंच माझं शिक्षण.

आणि मीच वीस हजार घातले
मुठीचं काम करणाऱ्या यंत्रात.

सन्मती, पॅटर्नवाल्या भरमू मगदुमाची धाकटी.
बँकेनं विचारलं, तारण काय?
तिनं डबीएवढा सेन्सर टेबलावर ठेवला.
बँकेनं चहा पाजला.
मग ती उद्यमनगरात आली, आमच्या भिशीच्या दिवशी,
फडक्यात वाळू बांधून.
"काका, आधी तुम्ही सांगा. मग हे सांगेल."
मी म्हटलं, साडेतीन टक्के.
डबीवर उमटलं, तीन पूर्णांक चार.
सगळे हसले. मी सोडून.

एक्केचाळीस जण झालो.
लेथवाले, वेल्डर, खासबागेजवळचा भेळवाला बंडा,
हुपरीचा एक चांदीवाला, ज्याला वाळूतलं ओ की ठो कळत नव्हतं.
सीए सारखा बजावत होता, दोनशेच्या आत राहा, दोनशेच्या आत.
भिशीत निदान नंबर लागतो.
इथं नंबर नाही, व्याज नाही, तारीख नाही,
मोबाईलवर एक ओळ : शेअर दोनशे.
बायकोनं विचारलं, हे मोडता येतंय का?
सोनं मोडतात, एफडी मोडतात.
म्हटलं, बघू.

सहा वर्षं बघितलं.

मग बंगळूरच्या कुणीतरी मोठी रक्कम ओतली
आणि शंभराचा शेअर चौदाशेचा झाला.
दोन लाख ऐंशी हजार! कुठल्याही दुकानात दाखवा,
कुणी सुटे देत नाही.

त्याच उन्हाळ्यात बायकोचे गुडघे. डॉक्टर म्हणाले, दोन्ही.

विकायचे कुठं? ह्याला ना मार्केट यार्ड, ना घंटा, ना फळा.
ओळखीतून ओळख निघत इचलकरंजीचे कळंत्रे निघाले,
सूतवाले, असले शेअर गोळा करायचा नाद.
गंगावेशीत दूधकट्ट्यावर भेटलो.
म्हशी उभ्या, पेल्यात फेस.
"चौदाशे," मी म्हटलं.
"तो काचेतल्या बाहुलीच्या साडीचा भाव.
नेसलेल्या साडीचा सांगा."

माझा बाप शाहूपुरीत गुळाचा हमाल.
सांगायचा, जुन्या सौद्यात भाव तोंडानं बोलत नसत;
पंचाखाली हात, बोटं धरायची.
सौदा झाला हे पेठेला कळायचं,
केवढ्याला, ते फक्त बोटांना.
मी खांद्यावरचा पंचा काढला, गमतीनं.
कळंत्र्यांना गंमत वाटली नाही. त्यांनी हात आत घातला.
मऊ, गार बोटं. माझी भाजून भाजून राठ.
धरली, सोडली, पुन्हा धरली.
झालं.

पण शेअर म्हणजे गुळाची ढेप नव्हे.
आधी चाळीस जणांना पत्र, तीस दिवसांची मुदत :
ह्याच भावानं तुमच्यापैकी कुणाला हवेत का?
आणि पत्रात भाव छापावा लागतो.
नऊशे ऐंशी. दीडशे शेअर.

बंडा भेळेचा गाडा सोडून दारात आला.
"तुझ्या बायकोच्या गुडघ्यांनी माझे चौदाशे खाल्ले रे!"
आतून बायको म्हणाली, बसा, चहा टाकते.
आणि उठताना भिंत धरली.
तो बसला नाही. गेलाही नाही लगेच.
सन्मतीचा फोन आला रात्री.
रागावली नाही. "पुढच्या महिन्यात परत पैसे उभे करायचेत, काका.
मला आधी सांगायचं तरी."
ह्यावर मी काय बोलणार?

एकोणतिसाव्या दिवशी हुपरीच्या चांदीवाल्यानं
सगळे दीडशे उचलले. का, विचारलं तर म्हणाला,
"मला वाळू कळत नाही. तुमची मूठ बघितली होती त्या दिवशी."

एका गुडघ्याचे पैसे आले.
दुसरा अजून त्या पन्नासांत आहे.

कळंत्र्यांना एकही शेअर मिळाला नाही.
माझा पंचा मात्र त्यांच्याकडंच राहिला,
आणि मागायला फोन करावा
तर काय भावानं, ते कळत नाही.